उतीच्या खांद्यावरची झोळी

जुनी तर मी आहेच, मित्रांनो, आणि मी झोळी आहे. आढ्याला टांगायची नव्हे आणि दारोदार धान्य मागायचीही नव्हे. मी एक लांबलचक सुती कापड आहे. बाईने मला एका खांद्यावरून घ्यायचं, पाठीवरून फिरवून दुसऱ्या कुशीखालून पुढे आणायचं, खांद्याजवळ गाठ मारायची आणि पोराला त्यात बसवायचं. पोर अंगाला चिकटून राहतं आणि बाईचे दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. आमच्या जावा बेटावर असं एक तरी कापड नाही असं घर सापडायचं नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू बोलायला लागल्या की शेवटी बहुधा रडतात, आम्हाला अडगळीत टाकलं म्हणून. माझं दुखणं उलटं आहे. मला कोणी खाली ठेवायलाच तयार नव्हतं.

क्लातेनच्या बाजूला, उसाच्या शेतांमधल्या एका वस्तीत माझा जन्म झाला. तुमिना नावाच्या मुलीला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा तिच्या आईने पांढरं कापड मांडीवर घेतलं, मेण वितळवलं आणि बारीक तोटीच्या लेखणीने माझ्या अंगावर ताडगोळ्याच्या फोडी काढायला घेतल्या. डोळे दुखेपर्यंत काढल्या. मग मला तपकिरी रंगात बुडवलं, वाळवलं, पुन्हा बुडवलं आणि शेवटी उकळत्या पाण्यात घालून मेण काढलं. त्या पाण्यात जीव नकोसा झाला होता. पण बाहेर आले तेव्हा वस्तीतल्या बायका मला उन्हात धरून बघत होत्या आणि नक्षी कोणी काढली म्हणून विचारत होत्या. मी तेव्हा जरा फुशारले होते, हे कबूल करते.

तुमिनाचा पहिला मुलगा पार्दी. त्याला मी वाढवला असं म्हणायला मला आवडलं असतं. तो चालायला लागला त्याच वर्षी भातावर तुडतुडे पडले. उभं पीक वाळून गेलं. लोक कसाव्याच्या कंदाचे वाळलेले तुकडे कुटून त्याची लापशी खाऊ लागले आणि मग तीही दोन वेळा मिळेना. पार्दी अंगणात दुडदुडू लागला की तुमिना त्याला पकडून माझ्यात घालायची. ‘चालू नको, ले,’ म्हणायची. आमच्याकडे लाडक्या मुलाला ले म्हणतात. ‘चालू नको, दमशील. पोटात काही नसलं की पाय वापरायचे नाहीत.’ त्या वर्षी सगळ्याच आया असं करत होत्या. अंगात जी काही ताकद उरली आहे ती पोराने पळण्यात घालवू नये, एवढाच त्यांचा हिशोब. पार्दी इतका हलका झाला होता की माझ्यात कोणी आहे की नाही, याची मला शंका यायची. मग त्याला ताप आला आणि त्या तापात तो गेला. तुमिनाने मला धुतलं, घडी घातली आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिलं.

बऱ्याच वर्षांनी रेत्नो झाली तेव्हा मी पुन्हा बाहेर आले. तोवर पिकं बरी येऊ लागली होती. रेत्नो माझ्यात टिकतच नसे. बदकांच्या मागे पाटात उतरायची, कुंपणावर चढायची, गुडघे फोडून घ्यायची. संध्याकाळी झोप आली की तेवढी आईकडे हात पसरायची. मोठं भावंड गेलेलं म्हणून तुमिना हिलाही जपायला बघायची, पण शेतावर कामाला जाणारी बाई पोरीच्या मागे किती धावणार? ते माझे सुखाचे दिवस होते. मळायचे, उसवायचे, पाटाच्या पाण्यात धुतली जायचे आणि उन्हात वाळायचे. नंतर रेत्नो मोठी झाली, मी पुन्हा पेटीत गेले आणि कापराच्या वासात पडून राहिले. कोणाला माझी आठवण नव्हती आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं.

मग सेनो आला.

रेत्नोचं लग्न होऊन बरीच वर्षं पाळणा हलला नव्हता. तिचा नवरा तेगुह मालट्रक चालवतो. आठवडे आठवडे बाहेर असतो. रेत्नो कपडे शिवायच्या कारखान्यात जाते, उजाडायच्या आत निघते आणि दिवेलागणीला परतते. तेव्हा सेनोला सांभाळायचं ते तुमिनानेच. नातू झाला आणि तुमिना हे नावच संपलं. सगळी वस्ती तिला उती म्हणू लागली, म्हणजे आजी. तिची लेकसुद्धा तिला उतीच म्हणते.

सात महिन्यांचा झाल्यावर सेनोचे पाय पहिल्यांदा मातीला लावायचा सोहळा झाला. पाहुणे आले, चिकट भाताचे सात रंगांचे मुटके झाले, पोराला कोंबड्यांच्या डालग्याखाली बसवून हसून झालं. उतीने त्याचे तळवे मातीला टेकवले, लगेच ओल्या फडक्याने पुसले आणि त्याला माझ्यात घेतलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्या तळव्यांना माती दिसली नाही. जमीन गार आहे, जमिनीत किडे आहेत, जमिनीवर पडला तर लागेल. उतीकडे कारणांना तोटा नव्हता.

आमच्याकडे पोरांना भरवायची एक रीत आहे. ऊन कलायला लागलं की आज्या, आया, आत्या आपापल्या पोराला झोळीत घेऊन बाहेर पडतात. एका हातात भाताची वाटी. कोंबडी दाखवायची आणि एक घास, शेजारची मांजर दाखवायची आणि एक घास. ऊस भरलेली गाडी गेली की पोर आ वासून बघतं, तेवढ्यात दोन घास आत जातात. पोराला भूक आहे का, हे कोणी विचारत नाही. वाटी संपली की फेरी संपली. आमच्या उतीची वाटी साऱ्या वस्तीत मोठी होती आणि ती संपल्यावर घरी बाटली असायची. डब्यातलं घट्ट गोड दूध पाण्यात कालवून ती बाटली भरत असे. ते दूध नावालाच आहे, त्यात निम्मी साखर आहे, हे उतीला माहीत नव्हतं आणि सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. दूध पांढरं आहे, डब्यावर गाय आहे, आणखी काय हवं?

सेनो भराभर भरत गेला. मनगटावर वळ्या, मांड्यांवर वळ्या, गाल असे की डोळे बारीक दिसायचे. येणारी जाणारी बाई थांबून गाल ओढत असे. ग्रामसभेच्या ओसरीवर दर महिन्याला पोरांची वजनं होतात. तिथे छताला लोखंडी तराजू टांगतात, त्याच्या आकड्याला पोराची झोळी अडकवतात आणि पोर त्यात लोंबकळत असताना काटा सरकवतात. सेनोच्या वेळी अर्थातच मला अडकवायचे. बू यायुककडे, म्हणजे आमच्या शेजारच्या यायुकबाईकडे, ते काम होतं, ती काटा पुढे सरकवायची आणि बाया कौतुकाने हुंकार द्यायच्या. एका वर्षी वस्तीने गुटगुटीत बाळांची स्पर्धा ठेवली. सेनोचा पहिला नंबर आला. बक्षीस काय, तर घट्ट गोड दुधाच्या डब्यांचं एक खोकं. उती ते डोक्यावर घेऊन घरी आली, त्या दिवशी तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

मित्रांनो, मी तेव्हाच घाबरायला लागले होते. कापडाला वजन कळतं. पार्दीच्या वेळी जी भीती माझ्या धाग्यांत शिरली होती, तीच मला पुन्हा वाटू लागली, फक्त ती दुसऱ्या बाजूने येत होती. हे सांगायचं कोणाला? मी बोलू शकत असते तरी माझं ऐकलं कोणी असतं असं नाही.

सगळा दोष उतीवर टाकू नका. त्या घराची तऱ्हाच तशी झाली होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ आणायचं तरी रेत्नो स्कूटर काढायची आणि सेनोला पुढे उभा करून घेऊन जायची. तेगुह घरी आला की लोणी आणि चॉकलेट घातलेला जाडजूड गोड पोळा घेऊन यायचा, मग तिघं मिळून टीव्हीसमोर तो संपवायचे आणि तिथेच आडवे व्हायचे. रेत्नो दिवसभर मुलापासून लांब असायची आणि ते तिला खात असायचं. म्हणून घरात पाऊल टाकताच ती त्याच्या हातात मोबाइल द्यायची आणि तळलेले पापड. मोबाइल हातात असला की सेनो गप्प बसायचा, गप्प बसला की घास घ्यायचा, आणि सगळ्यांना वाटायचं की पोर सुखात आहे. बाकीची मुलं अंगणात लगोरी खेळत असायची. सेनो माझ्यात बसून खिडकीतून त्यांना बघायचा, मग मोबाइलकडे बघायचा. चालता येत नव्हतं असं नाही. न्हाणीघरापर्यंत चालायचा, अंथरुणापर्यंत चालायचा. त्याहून लांब जायचं असलं की हात वर करायचा, आणि तो म्हणेल तेव्हा उती तयार. तिची पाठ वाकली तरी तयार.

सेनोला पाचवं वर्ष लागलं तेव्हा एके दिवशी बू यायुकने मला आकड्याला अडकवूच दिलं नाही.

“आता याला टांगायचं नाही, उती,” ती हसत म्हणाली. “छत खाली आलं तर सरपंच माझ्याकडून भरून घेईल.” बाया हसल्या. मग तिने उतीला जरा बाजूला घेतलं. सेनो ओसरीच्या तीन पायऱ्या चढून आला होता आणि अजून धापा टाकत होता. ती त्याच्याकडे बघत हलकेच म्हणाली, “त्या बक्षिसाच्या वेळी मीही टाळ्या वाजवल्या होत्या. पण याला आता डॉक्टरांकडे ने. आणि खांद्यावरून उतरव.”

उतीला राग आला. यायुकची नातवंडं काटक्या आहेत म्हणून तिला बघवत नाही, असं ती घरी येईपर्यंत पुटपुटत राहिली. पण रेत्नोने एक दिवसाची रजा टाकली आणि सेनोला गावच्या दवाखान्यात नेलं. झोळी म्हणून मीही गेले. तिथली डॉक्टर तरुण होती, आवाज न चढवता बोलत होती. सेनो झोपेत घोरतो का, मधेच श्वास अडकतो का, गुडघे दुखतात म्हणतो का, असं तिने विचारलं. सगळ्याला रेत्नो हो म्हणाली. वजन वयाच्या फार पुढे गेलं आहे, त्याचा त्रास छातीला आणि पायांना होतो आहे, आणि असंच चाललं तर आजारपणं लहानपणीच मागे लागतील, असं डॉक्टरने सांगितलं. गोड दूध बंद, मोबाइल बघत जेवण बंद, रोज मोकळ्यावर खेळणं. उपाशी ठेवायचं नाही, हेही तिने दोनदा बजावलं. शेवटी म्हणाली की हे एकट्या मुलाने करायचं काम नाही. घरातली मोठी माणसं चालली तर तो चालेल.

“शिकलेली आहे, भूक कुठे बघितली आहे तिने?” एवढंच उती बोलली. घरी आल्यावर तिने सेनोला बाटली दिली, एरवीपेक्षा घट्ट.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगते, जी त्या वेळी माझ्याखेरीज कोणालाही माहीत नव्हती. स्वातंत्र्यदिन जवळ आला होता. त्या दिवशी आमच्या प्रत्येक गल्लीत मुलांच्या शर्यती होतात. पोत्यात पाय घालून उड्या, दोरीला टांगलेले पापड हात न लावता खाणं, आणि चमचा तोंडात धरून चालणं. चमच्यात काचेची गोटी असते. गोटी पडली की बाद. बालवाडीच्या बाईंनी सेनोचं नाव त्या गोटीच्या शर्यतीत घातलं होतं. घरी त्याने कोणाला सांगितलं नाही. पण दुपारी उतीचा डोळा लागला की तो मागच्या परसात यायचा. मी तिथे दोरीवर वाळत असायचे. तोंडात चमचा, चमच्यात गोटी, हात पाठीशी घट्ट. विहिरीपासून केळीपर्यंत चालायचा. गोटी पडायची, तो वाकायचा, वाकताना त्याला दम लागायचा, पुन्हा ठेवायचा. पोट आडवं येत असल्यामुळे त्याला पाय दिसत नसत, म्हणून तो अंदाजाने, फार सावकाश पाऊल टाकायचा. घाम गळायचा. पण मोबाइलची आठवणही काढायचा नाही. स्वतःच्या पायांशी त्याचं असं काही चाललेलं मी पहिल्यांदाच बघत होते. केळीपर्यंत गोटी न पाडता पोचला त्या दुपारी त्याने चमचा तोंडातून काढला आणि एकटाच हसला.

शर्यतीच्या दिवशी गल्लीत लाल-पांढऱ्या पताका लागल्या होत्या. रेत्नोला सुट्टी होती. ती दुसऱ्या टोकाला, चुन्याच्या रेषेपलीकडे उभी होती. सेनो ओळीत उभा राहिलेला बघून उतीचं तोंड उतरलं. ऊन आहे, पडेल, धाप लागेल, असं ती शेजारणीला सांगत राहिली. मला तिने खांद्याला बांधूनच आणलं होतं.

शिट्टी वाजली. चपळ मुलं पुढे धावली आणि बघता बघता त्यांच्या गोट्या पडल्या. धावायची ती शर्यतच नव्हती. थोड्या वेळाने एक मुलगी रेषेपलीकडे पोचली आणि टाळ्या पडल्या. तेव्हा रस्त्यावर एकटा सेनो उरला होता. निम्म्यात आला होता. गोटी चमच्यात होती. तो उभा राहायचा, नाकाने जोरजोरात श्वास घ्यायचा, पुन्हा एक पाऊल टाकायचा. कितीही वेळ लागला असता तरी दुसरा नंबर त्याचाच होता. रेत्नो पलीकडे खाली बसली होती आणि त्याच्याकडे टक लावून बघत होती. मोठ्या मुलांतला एकजण ओरडला, “हत्ती आला, बाजूला व्हा.” काहीजण हसले. सेनोने मान वळवली नाही. गोटी पडली असती ना.

उतीला मात्र ते सोसलं नाही. तिला त्याची गोटी दिसत नव्हती. तिला तोंड लाल झालेलं, छाती भात्यासारखी हलणारी, पाय थरथरणारं पोर दिसत होतं. ती रस्त्यात घुसली, माझी गाठ सैल केली आणि सेनोला मागून उचलून माझ्यात घातलं. चमचा पडला. गोटी घरंगळत गटारात गेली. उती तशीच वाकलेल्या पाठीने लटपटत त्याला घेऊन चुन्याच्या रेषेपलीकडे गेली. सगळी गल्ली खो खो हसली आणि टाळ्या वाजवू लागली. कोणी म्हणालं, आजीला पहिलं बक्षीस द्या. उतीही हसली, तिला वाटलं लोक कौतुक करताहेत.

सेनो रडला नाही. उतीच्या खांद्याशी तोंड नेऊन तो म्हणाला, “उती, माझी गोटी पडली नव्हती.”

ते उतीने ऐकलं आणि मी ऐकलं. उतीचं हसू तिथेच थांबलं.  ती त्याला घट्ट धरून घराकडे वळली.

घरी आल्यावर सेनो माझ्यातून घसरून खाली उतरला आणि उंबऱ्यावर जाऊन बसला. उतीने वाटी आणली. त्याने तोंड फिरवलं. रेत्नोने मोबाइल पुढे केला, तर त्याने तोही घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच सेनो जेवला नाही आणि उतीच्या जिवाचं पाणी पाणी झालं. ती स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकून बसली. रेत्नो तिच्यासमोर बसली.

“तू त्याला का उचललंस, उती?”

“दम लागला होता त्याला.”

“लागू दे ना. सगळ्यांना लागतो.”

“पार्दीला दम लागायचा,” उती म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने ते नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. “मी त्याला सारखी खाली बसवायची. चालू नको म्हणायची. आणि तरी तो गेला. मी त्याला आणखी उचलून घ्यायला हवं होतं.”

रेत्नो तिच्याजवळ सरकली. मग म्हणाली, “पार्दीच्या पोटात काही नव्हतं. सेनोच्या पोटात आहे, जास्तच आहे. तू पार्दीला भरवते आहेस, उती, आणि जड सेनो होतो आहे.” मग तिने हातातला मोबाइल खाली ठेवला. “आणि मी तरी काय करते? घरी येते आणि त्याच्या हातात मोबाइल देते, कारण मला त्याच्या तोंडाकडे बघायची लाज वाटते. माझ्याच मुलाला चालता येतं की नाही, हे मी आज गल्लीत उभी राहून बघितलं.”

दोघी रडल्या. मग रेत्नोने गोड दुधाचे डबे उचलून बू यायुककडे नेऊन दिले आणि असे डबे परत कधी घरात आणू नको, असं उतीला सांगितलं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की दुसऱ्या दिवसापासून सगळं बदललं. तसं होत नाही. मोबाइल कपाटात गेला त्या संध्याकाळी सेनोने जमिनीवर लोळण घेतली, आणि शेजारच्यांना वाटलं पोराला मारताहेत. तेगुह घरी आला आणि सवयीने गोड पोळा घेऊन आला. रेत्नोने तो परत बांधून शेजारी दिला तेव्हा नवरा-बायकोत दोन दिवस अबोला झाला. चटईवर बसून सगळ्यांनी एकत्र जेवायचं असं ठरलं, तर सेनो दोन घास खाऊन उठायचा आणि मग भूक लागली म्हणून रडायचा. उतीने एकदा लपवून दुकानातून एक डबा आणलाही. चुलीमागे उभी राहून तिने बाटली भरली, आणि मग मोरीत ओतून दिली. हे सारं मी खुंटीवरून बघत होते. हो, मला आता खुंटी मिळाली होती. पण बाहेर जाताना उती मला घेतल्याशिवाय निघत नसे. कुठे अडला तर, म्हणायची.

त्यांनी एक मात्र ठरवलं. संध्याकाळची फेरी मोडायची नाही, पण वाटी घ्यायची नाही, आणि सेनोने चालायचं. रेत्नो सुट्टीच्या दिवशी स्कूटर घरी ठेवून बरोबर यायची. एरवी उती आणि तो, दोघंच. पाटाशी बदकं असतात, तिथपर्यंत जायचं.

परवाची गोष्ट आहे. मशिदीच्या कुंपणापर्यंत सेनो आला आणि थांबला. त्याचे पाय दुखत होते. त्याने तोंड वर केलं आणि दोन्ही हात पसरले.

“उती, उचल.”

उतीचा हात माझ्या गाठीवर आला. पाच वर्षांची सवय होती, हात आपोआप येतो. गाठ सुटायला लागली होती. मग तिचा हात थांबला. ती तिथेच, रस्त्याच्या कडेला, गुडघे धरून हळूहळू खाली बसली.

“मी पण दमले, ले,” ती म्हणाली. “बसू या. मग चालू.”

सेनो रडायला लागला. साधं रडणं नव्हे. त्याने तिच्या पाठीत गुद्दे मारले, माझं टोक ओढलं, तू वाईट आहेस म्हणाला. नमाजाला चाललेले लोक बघत होते. एका ओळखीच्या बाईने थांबून ऐकवलंच, “काय ग उती, पोराला रस्त्यात रडवतेस? झोळी आहे ना खांद्यावर?” उतीने मान खाली घातली आणि ती बसून राहिली. तिचं सगळं अंग त्याला उचलायला धावत होतं, मित्रांनो. मी तिच्या अंगाला बांधलेली आहे, मला ते कळतं. उसाच्या रानात वाकून काम केलं, भुकेचं वर्ष काढलं, पण यापेक्षा अवघड काही तिने केलं असेल असं मला वाटत नाही.

बऱ्याच वेळाने सेनोचं रडणं ओसरलं. तो तिच्या शेजारी बसला, नाक तिच्या बाहीला पुसलं. मग उठला. बदकांकडे गेला नाही, घराकडे वळला, कारण घर जवळ होतं. उती त्याच्या मागे मागे चालली. घरी पोचेपर्यंत तो आणखी दोनदा बसला आणि ती दोन्ही वेळा त्याच्या शेजारी बसली. आम्ही त्या दिवशी पाटापर्यंत पोचलो नाही. पुढेही किती दिवस पोचणार नाही, मला सांगता येत नाही. त्याचा दम अजून तसाच आहे आणि डॉक्टर अजून काळजीत आहे.

माझं मागणं फार नाही. मला घडी घालून पेटीत ठेवलंत तरी चालेल, फरशी पुसायचं फडकं केलंत तरी चालेल. पण आमच्या बाजूला कधी आलात आणि रस्त्याच्या कडेला, रडणाऱ्या पोराशेजारी, खांद्यावर रिकामी झोळी असलेली एखादी म्हातारी नुसती बसलेली दिसली, तर तिला नावं ठेवू नका. ती त्याला सांभाळते आहे.